खुलासा: कोड उघडा म्हणजे पासवर्ड उघडा नव्हे

सोलापुरातल्या टॉवेल-चादरीच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'मुक्त स्रोत एक्स्टेन्शनचा कोड कुणालाही दिसतो, म्हणून तुमचे बँकेचे पासवर्डही दिसतात. कंपनीचं बंदिस्त एक्स्टेन्शनच घ्या.' एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम; ज्याचा कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, कुणालाही पाहता येतो ते मुक्त स्रोत. पण मेसेजमधला दावा चुकीचा आहे.

उघडा असतो तो प्रोग्रॅम. तुम्ही टाइप केलेलं नव्हे. पासवर्ड सांभाळणाऱ्या बिटवॉर्डनचा कोड सगळ्यांसमोर आहे, पण तुमचे पासवर्ड कुलूपबंद होऊनच सर्व्हरवर जातात. उलट, कोड दिसतो म्हणूनच जाणकार तो तपासू शकतात. बंदिस्त एक्स्टेन्शनबाबत कंपनीच्या शब्दावर विसंबावं लागतं.

तरीही 'मुक्त आहे, मग डोळे झाकून टाका' असं मी सांगणार नाही. न वापरलेले टॅब थांबवून ठेवणारं क्रोमचं 'द ग्रेट सस्पेंडर' एक्स्टेन्शन मुक्त स्रोतच होतं. 2020 मध्ये ते दुसऱ्याच्या हाती गेलं, क्रोमच्या स्टोअरवर आलेली आवृत्ती जाहीर कोडशी जुळेना, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलने ते मालवेअर (घातक प्रोग्रॅम) म्हणून काढून टाकलं. त्यामुळे सध्या सांभाळतंय कोण, हे आधी बघा.

परवानगी तर बघाच. 'सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे' ही परवानगी जाहिराती अडवणाऱ्याला लागते. कूपन शोधणाऱ्याला ती कशाला द्यायची? जीएसटी भरता त्याच ब्राउझरमध्ये ते एक्स्टेन्शन बसलेलं असतं. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या तपशिलात जाऊन साइटचा प्रवेश 'क्लिक केल्यावरच' एवढा ठेवता येतो. दुकानातल्या कॉम्प्युटरवर हे आजच करा, आणि तो मेसेज पुढे पाठवू नका.