गिट लॉगमध्ये सगळे दिसत नाहीत
सॉफ्टवेअरच्या क्रेडिट्सची यादी गिट लॉगवरून (कोडमधला कोणता बदल कोणाच्या नावावर, याची नोंद) आपोआप काढली की काम झालं, हे लेखातलं म्हणणं काही पटलं नाही बुवा. मी एका ओपन सोर्स अ‍ॅपचं मराठी भाषांतर केलं होतं, चारेकशे ओळी, नुसत्या 'अनडू'ला काय म्हणायचं यात दोन संध्याकाळी गेल्या, फाइल मेलने पाठवली आणि मेंटेनरने, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने, ती स्वतःच्या नावाने कमिट करून, म्हणजे कोडमध्ये नोंदवून टाकली (हेतू वाईट नव्हता, सवयच तशी त्याची), म्हणजे लॉगमध्ये मी कुठेच नाही. आयकॉन काढणारे, बग नीट स्टेप्स लिहून कळवणारे, त्यांचंही तेच. शेवटी मीच मेल टाकला तेव्हा पुढच्या व्हर्जनमध्ये नाव आलं, तेही आडनाव चुकवून!

आणि लायब्ररींचं, म्हणजे दुसऱ्यांच्या तयार कोडचं, काय? एमआयटी किंवा बीएसडी लायसन्सचा कोड घेतला तर कॉपीराइटची नोंद सोबत ठेवावीच लागते, ती अट आहे, मेहेरबानी नाही. अबाउट बॉक्स (प्रोग्रामची माहिती आणि क्रेडिट्स दाखवणारी खिडकी) कोण उघडतंय म्हणता ते ठीक, पण इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये नेहमीसारखी सेव्ह केलेली एसव्हीजी (चित्राची) फाइल एकदा टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघा, आत जागोजागी 'सोडिपोडी' दिसेल. २००३ मध्ये ज्या प्रोग्रामचा फोर्क करून, म्हणजे त्याचा कोड घेऊन वेगळी वाट धरून, इंकस्केप निघालं त्याचं हे नाव, तो प्रोग्राम केव्हाच बंद पडला, नाव मात्र अजून फाइलीफाइलीतून फिरतंय.