टायगर वूड्सचा मेसेज आणि आमच्या गल्लीतलं पोरगं

कोल्हापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. 'टायगर वूड्स दोन वर्षांचा असताना टीव्हीवर गोल्फ खेळला. पाच वर्षांच्या आत पोराच्या हातात क्लब (गोल्फची काठी) द्या, बाकीचे खेळ बंद करा, सरावाचे 10,000 तास भरा. चॅम्पियन झालाच म्हणून समजा.' आमच्या गल्लीत एका घराने तो मनावर घेतलाय. नऊ वर्षांचं पोरगं दर शनिवारी पहाटे चारला झोपेतच पुण्याच्या गाडीत बसतं. म्हणून हे लिहायचा खटाटोप.

टीव्हीचं खरं आहे, 1978 सालचं. पण 2009 च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये याच टायगरला हरवलं कोणी? कोरियाच्या वाय. ई. यांगने. तोवर शेवटचा दिवस सुरू होताना आघाडीवर असलेला टायगर एकही मेजर, म्हणजे गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकही, हरला नव्हता. आणि यांगने गोल्फ धरला एकोणिसाव्या वर्षी! लॅरी नेल्सन तर व्हिएतनामहून परतल्यावर एकविसाव्या वर्षी शिकला आणि तीन मेजर जिंकला. बहुतेक मोठे गोल्फर लहानपणीच सुरुवात करतात, हे मान्य. पण उशीर झाला की संपलं, हे खोटं. लांब कशाला, आपल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे नेमबाजीकडे वळला तो क्रीडा प्रबोधिनीत गेल्यावर, चौदा वर्षांचा झाल्यानंतर. 2024 ला पॅरिसहून ऑलिंपिक पदक घेऊन आला.

10,000 तासांचा आकडा निघाला मानसशास्त्रज्ञ एरिक्सन यांच्या 1993 च्या अभ्यासातून, तोही व्हायोलिन वाजवणाऱ्यांच्या. ती त्यातल्या सर्वोत्तम वादकांची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती; त्यांच्यातल्याही निम्म्यांचे तेवढे तास भरलेच नव्हते.

'बाकीचे खेळ बंद' हे सगळ्यात घातक. गोल्फचा फटका एकाच अंगाचा, दरवेळी कंबरेला तोच पीळ. खुद्द टायगरच्या पाठीच्या किती शस्त्रक्रिया झाल्या! 2017 ला मणके जोडावे लागले. इथे तर हाडं अजून वाढायचीत. आपल्या तालमीतला वस्ताद नव्या पोराला आधी जोर-बैठका काढायला लावतो, माती उकरायला लावतो. लगेच खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरवत नाही.

आणि मेसेजमध्ये टाय ट्रायॉन कुठाय? 2001 मध्ये सतराव्या वर्षी त्याने पीजीए टूरचं कार्ड, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक गोल्फ मालिकेत खेळायचा हक्क, मिळवलं, दोन वर्षांत गमावलंही. असल्यांचे फॉरवर्ड निघत नाहीत.

टायगरने स्वतः सांगितलंय, वडील कधी 'खेळायला चल' म्हणाले नाहीत. मीच त्यांच्या मागे लागायचो. आमच्या गल्लीत उलटं आहे. फी, पेट्रोल, क्लबचा सेट, सगळा हिशेब पोरासमोरच मांडला जातो. परवा त्याला विचारलं, "काय रे, गोल्फ कसा चाललाय?"

त्याने आधी बापाकडे बघितलं. मग म्हणाला, "चांगला चाललाय, काका."