'पेन्शन खाऊन चोचले' : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली. गावातल्या बंद पडलेल्या जिल्हा परिषद शाळेच्या दोन खोल्यांत नरसंहारांच्या स्मृतीचं आणि सहिष्णुतेचं छोटं संग्रहालय करू, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, दवाखान्यात डॉक्टर नाही, कापसाला भाव नाही, आणि "मास्तरला पेन्शन खाऊन परदेशातल्या मुडद्यांचे चोचले सुचतात."

खर्चाचा आकडा मी दिला नव्हता, ही चूक माझीच. छपराची गळतीही धरली नव्हती. पण पेन्शन मी ३१ वर्षं पोरं शिकवून मिळवली आहे, कोणाच्या ताटातली ओढलेली नाही. बोलताना जरा वयाचं भान ठेवा.

आणि चोचले? नोव्हेंबर १९८४. दिल्लीत शिखांना शोधून शोधून मारत असल्याच्या बातम्या गावापर्यंत आल्या होत्या. हायवेवर ट्रक सोडून एक सरदारजी रात्री आमच्या दारात आला. बाबांनी त्याला कापसाच्या खोलीत, ढिगामागे लपवलं आणि मला बजावलं, "कोणी इचारलं तं सांगजो, घरात कापूसच हाये." चार रात्री मी त्याला भाकर नेऊन दिली. कंदील वर धरला की दाढीत अडकलेला कापूस दिसायचा. जाताना तो स्टीलचा पेला ठेवून गेला, बुडाशी गुरुमुखीत नाव कोरलेला. पहिल्या खोलीत मला तोच ठेवायचा आहे.

"परदेशातले" म्हणालात, म्हणून सांगतो. रवांडात १९९४ साली शंभर दिवसांत सुमारे ८ लाख माणसं मारली गेली, कितीतरी जणांना त्यांच्या शेजाऱ्यांनीच मारलं. त्याआधी तिथला रेडिओ तुत्सी जमातीच्या लोकांना झुरळं म्हणत होता. लोकांना तो शब्द सवयीचा झाला होता. म्हणून मी तुमच्या "मुडद्यां"पाशी अडलो. रवांडाच्या राजधानीत, किगालीतल्या स्मारकात अडीच लाखांहून जास्त माणसं पुरलेली आहेत, त्यांना हा शब्द लावू नका. आणि कंबोडियातलं तुओल स्लेंग ही आधी शाळाच होती. तिच्या वर्गखोल्यांचा तिथल्या ख्मेर रूज राजवटीनं छळाचा तुरुंग केला, आज तिथे संग्रहालय आहे. आपल्या रिकाम्या खोल्यांत पत्ते खेळलेले चालतात, एवढं सांगितलेलं तेवढं चालत नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर काय बोलू? कापूस माझ्याही घरात पडून आहे. डॉक्टरसाठी ग्रामसभेत दिलेल्या निवेदनावर पहिली सही माझी आहे. तुमची कितवी, तेवढं कळवा.