गावंढळ कोणाला म्हणता?

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर चार दिवस एकाच व्हिडिओवरून वाद चाललाय. अकोल्याकडची एक मुलगी 'मले', 'तुले' म्हणत भाकरी कशी थापायची ते सांगते. पुण्याच्या काकांनी खाली लिहिलं, "किती गावंढळ! मराठीची शोभा घालवली." वर शास्त्राचा दाखला : ग्राम्य म्हणजेच अश्लील, काव्यशास्त्रातच तो दोष सांगितलाय.

नाही, काका. अकराव्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रकाराने ग्राम्य आणि अश्लील हे दोन वेगळे दोष सांगितलेत. ज्याने लाज, किळस वाटते किंवा अमंगळ मनात येतं ते अश्लील. त्याचं मूळ 'अश्रीर', म्हणजे श्री, शोभा नसलेलं; 'र'चा 'ल' झाला. शोभा जाते ती इथे, आणि यात कुणाच्या गावाचा काही संबंध नाही. ग्राम्य म्हणजे केवळ लोकांत चालणारा शब्द, एवढाच त्याचा गुन्हा. मम्मटाने उदाहरण दिलं 'कटि'चं, म्हणजे कंबरेचं. आज तोच शब्द 'कटिबद्ध' होऊन मंत्र्यांच्या भाषणात मिरवतो!

मी चौदा वर्षं स्टुटगार्टला आहे. जर्मनमध्येही 'ऑर्डिनेअर' म्हणजे असभ्य, मूळ अर्थ मात्र नेहमीचा, साधा. 'गेमाइन' म्हणजे नीच, मुळात सगळ्यांचा, सामाईक. इंग्रजी 'व्हल्गर' तर लॅटिनमधल्या 'जनसामान्य' या शब्दातूनच आला. वरच्यांनी सगळीकडे हेच केलंय. पण इथल्या राज्याने १९९९ साली स्वतःची जाहिरातच अशी केली : आम्हाला सगळं जमतं, प्रमाण जर्मन सोडून. माझा विभागप्रमुख ग्राहकांसमोर खुशाल श्वेबिश, ही इथली बोली, बोलतो. त्याची शोभा गेल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

आपल्याकडे ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात ठरली, तेव्हा ग्रुपवर पहिलं अभिनंदन काकांचंच होतं. त्या दर्जासाठी आपण पुरावा म्हणून काय पुढे केलं? गाथासप्तशती. त्या प्राकृत गाथांत कोण आहे? नांगरधारी, शेत राखणाऱ्या बायका, गावच्या पाटलाची लेक. दोन हजार वर्षांपूर्वीचा गावकरी बोलला की अभिजात, आणि आजची अकोल्याची मुलगी बोलली की गावंढळ? अंडी गावठी हवीत, त्यांना दोन पैसे जास्त मोजायची तयारी असते. बोली तेवढी नको.

हे मी काकांना खडसावून लिहिलंही असतं. पण मीही वऱ्हाडातलाच, आणि पुण्याला शिकायला आलो तेव्हा पहिल्या महिन्यातच 'मले' टाकून दिलं होतं. घरून फोन आला की खोलीबाहेर जिन्यात जायचो, मुलांना माझं बोलणं ऐकू जाऊ नये म्हणून. मला तेव्हा कुणी काही म्हटलंही नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात आई इथे तीन महिने राहिली. लेक आमची किटामधून, म्हणजे इथल्या बालवाडीतून आली की आजीच्या मांडीवर. एके दिवशी जेवताना ती मला म्हणाली, "बाबा, काऊन?" मी लगेच म्हणालो, "असं नाही बोलायचं बेटा. 'का' म्हण."

आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती नातीशी जपून, शाळेतल्या पुस्तकासारखी मराठी बोलू लागली.