अग्निगोळा म्हणजे केवढा?

हिंगोलीच्या भाच्यानं आमच्या घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड टाकला: 'सर्नमध्ये ब्रह्मांडातला अग्निगोळा पेटवला! सुटला तर पृथ्वीची राख. तोच प्रयोग आता औंढा नागनाथला, भूकंपाचे धक्के त्याचेच.' खाली 'जनहितार्थ जारी'.

'अग्निगोळा' शब्द मात्र खरा. सर्न ही जिनिव्हाजवळची कणभौतिकीची प्रयोगशाळा, आणि तिथल्या प्रयोगाचं नावच फायरबॉल. दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या प्रकाशवर्षं लांबीच्या झोतांची छोटी नक्कल करून बघायची, एवढंच.

आता राखेचं. सुमारे 300 अब्ज प्रोटॉनांचा एक झोत, प्रत्येक प्रोटॉन 440 गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचा (हे कणांच्या ऊर्जेचं माप), ग्राफाइट आणि टँटलमवर आदळतो आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या उसळतात (पॉझिट्रॉन म्हणजे धनभाराचा इलेक्ट्रॉन). गुणाकार करा: झोताची सगळी ऊर्जा 21 किलोज्यूलच्या आसपास. तेवढ्यात एक कप चहाचं पाणी उकळतसुद्धा नाही, चटका बसेल इतकं तापतं.

याहून मोठा, अमेरिकेतला अणुसंमीलनाचा, म्हणजे अणुगर्भ जोडून ऊर्जा काढण्याचा प्रयोग घ्या. 5 डिसेंबर 2022 ला 192 लेसरांनी हायड्रोजनची इवलीशी गोळी दाबली, 3.15 मेगाज्यूल ऊर्जा निघाली. विजेच्या मीटरवर मोजली तर एक युनिटही भरत नाही. पाच एचपीची मोटर त्यावर पाव तास चालायची नाही, पाणी शेवटच्या वाफ्यात पोचायच्या आत बंद. तापमान कोट्यवधी अंश होतं, कबूल. पण तापलेला माल मिलिग्रॅमभरही नव्हता. विळ्याला धार लावताना उडालेली लालभडक ठिणगी हातावर पडते, आपण झटकून मोकळे होतो. फोडणीचं तेल तिच्याहून कितीतरी थंड, तरी फोड आणतं.

यावर ग्रुपमधले आमचे एक काका म्हणाले, 'प्रकाशवर्षांचा झोत मीटरभर नळीत मावतो होय? थोतांड!' काकांचा प्रश्न फॉरवर्डपेक्षा बरा आहे. धरण बांधण्याआधी सांडव्याची छोटी प्रतिकृती करून पाणी सोडतात, तेव्हा लांबी नाही, गुणोत्तरं जुळवतात. इथंही तसंच. ब्लेझार नावाच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या गॅमा किरणांतून वाटेत अशाच जोड्या तयार होतात. त्यांच्यापासून कमी ऊर्जेचे गॅमा किरण निघायला हवेत, पण फर्मी या अवकाशातल्या गॅमा किरण दुर्बिणीला ते दिसत नाहीत. वाटेतल्या विरळ प्लाझ्मात (विद्युतभारित कणांच्या वायूत) झोत विस्कटत असेल, की दीर्घिकांमधल्या पोकळीतलं क्षीण चुंबकक्षेत्र जोड्यांना वळवत असेल? सर्नमध्ये जोड्यांचा झोत मीटरभर प्लाझ्मातून सोडला, तो फारसा विस्कटला नाही. म्हणून चुंबकक्षेत्राचं पारडं जड झालं. सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही.

राहिलं औंढा. तिथं होणार ती लायगो वेधशाळा, केंद्राची मंजुरी 2023 ची. चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या, आरसे, लेसर. काम गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या अतिसूक्ष्म लाटा, टिपण्याचं. अग्निगोळा नाही, प्लाझ्माचा झोतही नाही. किल्लारी हादरली 30 सप्टेंबर 1993 ला, तेव्हा इथं लायगोचा पत्ताही नव्हता. आणि हे यंत्र जमीन हलवणारं नाही. जवळून ट्रक गेला तरी त्याच्या मोजमापात गोंधळ होतो, म्हणून तर रेल्वे आणि कारखान्यांपासून लांबची जागा शोधावी लागली.