मणी वाढला

“भोक कुठंय?”

सहा आठवडे, 3,500 रुपये आणि डाव्या तर्जनीची थोडी कातडी घालून केलेल्या माझ्या मण्याचं पहिलं जाहीर परीक्षण हे असं झालं. परवा संध्याकाळी, दादरला, रानडे रोडजवळच्या एका बोळाच्या तोंडाशी. पोत गाठवणारे काका पायाच्या अंगठ्याला रेशीम अडकवून गाठी मारत होते, ते काही बोलले नाहीत. बोलल्या त्या माझ्या आधी नंबर लागलेल्या बाई. गळ्यात दोऱ्याला बांधलेलं हळकुंड, हातात कोथिंबीर डोकावणारी पिशवी, आणि वेळच वेळ.

तर भोक. टॉर्चच्या ज्योतीवर काचेचा मणी करतात तेव्हा पोलादाच्या बारीक सळईला मातीसारखा लेप देऊन वाळवतात आणि वितळलेली काच तिच्यावर गुंडाळतात. गार झाल्यावर सळई ओढून घ्यायची, मागे उरतं ते भोक. या सळईला मॅन्ड्रेल म्हणतात. मी मागवलेल्या संचात टॉर्च होता, काचेच्या कांड्या होत्या, चिमटा होता. मॅन्ड्रेल ‘स्वतंत्र मागवावे’. मागवलं. ते आजही ‘मार्गस्थ’ आहे, आणि दर सोमवारी मला ‘आपला अनुभव कसा होता?’ असं विचारलं जातं. कसला अनुभव? वाट बघण्याचा?

सळईविना मणी करता येतो, हे खरं आहे. मला येत नाही, एवढंच. कांडीच्या टोकाशी काचेचा गोळा जमवायचा आणि तापलेला असतानाच टंगस्टनची सुई एका बाजूने खुपसायची, मग दुसऱ्या बाजूने. सुई टेकली की तेवढी काच थिजते, म्हणून पुन्हा तापवा, पुन्हा खुपसा. माझे दोन्ही बोगदे एकमेकांना समांतर गेले. दुसरी युक्ती तांब्याच्या तारेची. तारेच्या टोकालाच काच वितळवायची, मग भोकाचा प्रश्नच नाही. पण ज्योतीत तार काळी पडली आणि काच तिच्यावरून मेणासारखी ओघळून माझ्या बोटापर्यंत आली. तिसरी युक्ती कानाची. गोळ्यातून काचेची शेपटी ओढायची आणि वळवून गोळ्यालाच चिकटवायची, लोंबत्या डुलासारखी. माझी शेपटी चिकटली नाही. उंदीर झाला.

शिवाय जे जमले ते रात्री फुटले. काचेचा वरचा थर आधी घट्ट होतो, पोट नंतर आकसतं, आणि त्या ओढाताणीत मणी तडकतो. म्हणून ही मऊ काच भट्टीत सुमारे 500 अंशांना धरून हळूहळू निववतात. आमच्या वन बीएचकेत भट्टी कुठे ठेवणार, बायकोच्या शिलाई मशीनवर? मी नर्सरीतून व्हर्मिक्युलाइट, म्हणजे कुंडीच्या मातीत मिसळतात तो हलका खनिजाचा भुसा, आणून त्यात मणी हळू निवायला पुरायचो. मध्यरात्री डब्यातून टक् असा आवाज यायचा.

“अकरा फुटले, हा बारावा,” मी बाईंना अभिमानाने सांगितलं.

“फुटले म्हणू नये हो भाऊ. वाढले म्हणावं.”

म्हणजे मंगळसूत्र वाढतं, बांगडी वाढते, नारळ वाढतो, तसे माझे अकरा मणी वाढले. एवढी भरभराट आमच्या घरात कधी झाली नव्हती.

“पण भोक नाही म्हणजे ही गोटीच ना?”

मी सळईची हकीकत सांगितली. लेपाचं ऐकून त्यांचा चेहरा उजळला. “अय्या, सरगुंडे! आमच्या अमरावतीला करतात. काडीला पिठाचा हात लावायचा, वर कणकेची दोरी गुंडाळायची, अलगद सरकवून काढायची. आतून पोकळ. माझी सासू एका दुपारी दोन परात करायची.” मग थांबून, सहानुभूतीने, “तुम्हाला एक नाही जमला?”

मला राग आला. राग आला की मी माहिती देतो. म्हटलं, बाई, काकांच्या डबीतले हे बारीक काळे मणीसुद्धा सळईवर झालेले नाहीत. आंध्रात पापानायडुपेट नावाचं गाव आहे, तिथे काचेची पोकळ नळीच लांबच लांब ओढायचे आणि तिचे तुकडे करायचे. भोक नळीतच असतं, एकेका मण्याला वेगळं पाडावं लागत नाही. आपल्या देशात ही विद्या फार जुनी आहे.

“मग तुम्ही नळी का नाही ओढलीत?”

यावर भट्टी, दोन-चार माणसं, लांब जागा असं बरंच उत्तर आहे. दादरच्या फुटपाथवर, मागून लोकांचे धक्के खात ते देता येत नाही. मी म्हणालो, “जागा नाही.”

“हो ना,” बाई म्हणाल्या. “मुंबईत सगळ्यांचं तेच.”

एवढ्यात काकांनी न बोलता माझ्या हातातून मणी घेतला, उजेडात धरला, आणि अंगठ्याला नवा दोरा अडकवला. चार पदर, गाठ, तिरकी गाठ, पुन्हा गाठ. दोन मिनिटांत मण्याभोवती रेशमाची जाळी उभी राहिली, वर छोटा फास. ना ज्योत, ना टंगस्टन, ना भोक. सहा आठवड्यांत मला सुचलं नव्हतं हे.

“साठ रुपये.”

“चाळीस घ्या,” माझ्या वतीने बाई म्हणाल्या. “बिनभोकाचा आहे.”

पन्नासवर तुटलं. घरी येऊन मी तो दाराच्या किल्लीला लावला. जेवताना सगळं सांगितलं, तर बायको माझ्या दुःखाला सोडून सरगुंड्यांची कृती विचारत बसली.

रात्री पावणेदोनला टक्.

“वाढला,” बायको झोपेतच म्हणाली आणि कुशीवर वळली.

सकाळी पाहिलं तर मण्याचे मधोमध दोन तुकडे. काकांच्या जाळीचा एक पदरही हललेला नाही.