मार्गदर्शक सरांसाठी थोडं मार्गदर्शन

सर, यंदा तुमच्याकडे पीएच.डी.ला मुलीच जास्त आल्यात म्हणे. अभिनंदन! अहवालात शोभून दिसतं, शिवाय विद्यापीठाला श्रेणी देणारी नॅकची समिती आली की ईशस्तवन, सूत्रसंचालन, पुष्पगुच्छ यांची चिंता मिटते.

फक्त नोबेलवाल्या सी. व्ही. रामन यांच्यासारखं करू नका. 1933 साली मुंबईत बी.एस्सी. झालेल्या कमला भागवत (आपल्या दुर्गाबाईंची धाकटी बहीण) बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा तिथले संचालक रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना नकार दिला. बाई हटेनात, म्हणून प्रवेश दिला. पण एक वर्ष अजमावून पाहू आणि पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये, या अटींवर. त्यांनी 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. आता विज्ञान दिनाला रामन यांच्या फोटोला हार घातला, की एखादी आगाऊ विद्यार्थिनी हीच गोष्ट सांगते. तोंडाने अट घातली की अशी पंचाईत होते.

त्यापेक्षा काळजी करा. काळजीची तक्रार कुठल्याच समितीकडे करता येत नाही. संध्याकाळी सहा वाजले की म्हणा, "अगं, तुला बदलापूर गाठायचंय ना? नीघ, गर्दी होईल." ती बिचारी "थँक्यू सर" म्हणून निघेल. मग मुलांना घेऊन कलिन्याच्या टपरीवर या, कटिंग मागवा. पेपरवर पहिलं नाव कुणाचं, परिषदेला कोण जाणार, पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी (पोस्टडॉक) फोन कुणाकरता करायचा, सगळं तिथे निवांत ठरतं. टपरीवरच्या बैठकीचं इतिवृत्त नसतं. ठरलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी टाइप करायला मात्र तिलाच द्या, तिच्या हातून चुका होत नाहीत.

रजा अडवू नका. यूजीसीच्या नियमात 240 दिवसांची प्रसूती रजा आहे, हसत सही करा, पेढे खा. तेवढ्यात तिचा विषय दुसऱ्या कुणाला 'तात्पुरता' सोपवा. ती परत आल्यावर नवा विषय द्या, जरा हलका. बाळ लहान आहे ना!

चौकशीतही आपुलकी हवी. मुलाला विचारायचं, "चॅप्टर कुठवर आला?" मुलीला, "घरी स्थळं बघतायत का?" आठ मार्चला एखाद्या ज्येष्ठ शास्त्रज्ञ बाईंना बोलवा आणि त्यांच्या प्रयोगांबद्दल चुकूनही न विचारता स्वयंपाक कोण करतं ते विचारा.

इतकं करूनही एखादी प्रबंध घेऊन उभी राहिलीच, तर ऋणनिर्देशाचं पान आधी उघडा. आपलं नाव तिच्या आईवडिलांच्या वर आहे, एवढी खात्री करा आणि सही ठोका.